ओट्यावर बसणारा अध्यक्ष

इ. स. १८९९ चा पावसाळा खानदेशास दगा देऊन गेला. त्या काळी खानदेश हा एकच अवाढव्य जिल्हा होता व त्याचे मुख्य ठिकाण धुळे होते. जळगावास जिल्ह्याच्या ठिकाणाचा मान मिळाला तो पुढे १९०६ साली, पूर्व व पश्चिम असे त्याचे दोन भाग झाले तेव्हा. तापीकाठच्या काळ्या जमिनीस भेगा पडलेल्या, कडब्यावाचून गुरे माना टाकीत असलेली आणि सरकारी दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या स्त्रीपुरुषांच्या रांगा लागलेल्या, असे ते वर्ष. त्याच वर्षीच्या ऑक्टोबर महिन्याच्या ११ तारखेस दक्षिण आफ्रिकेत इंग्रज व बोअर ह्यांचे युद्ध जुंपले. त्यानंतर कित्येक महिने मराठी वाचकाच्या हाती पडणाऱ्या वर्तमानपत्रांत एकीकडे दुष्काळाची हकीकत व दुसरीकडे लेडीस्मिथ, किंबर्ली, मेफकिंग अशी जिभेस न वळणारी नावे, असा विलक्षण शेजार चालू राहिला. विलायतेतील धनिकांचे लक्ष व त्यांच्या थैल्याही त्या हिवाळ्यात युद्धाकडे वळल्या होत्या. हिंदुस्थानच्या दुष्काळनिधीस त्याची झळ लागल्यावाचून राहिली नाही.

त्या परक्या नावांत एक नाव मात्र लोकांच्या तोंडी लवकर बसले. ते क्रूगर ह्याचे. हा गृहस्थ राजा नव्हता, नबाब नव्हता, सेनापतीही नव्हता. तो अध्यक्ष होता. महाराष्ट्रात त्या वेळी अध्यक्ष म्हटला म्हणजे सभेत मधल्या खुर्चीवर बसणारा व शेवटी समारोपाचे चार शब्द बोलणारा प्रतिष्ठित मनुष्य, एवढाच अर्थ मनात येत असे. फौज ठेवणारा, तह करणारा आणि जगातील सर्वांत बलाढ्य साम्राज्यास निर्वाणीचा खलिता धाडणारा अध्यक्ष ही कल्पनाच नवी होती. अमेरिकेस व फ्रान्सास अध्यक्ष आहेत हे शाळेतल्या भूगोलावरून ठाऊक असे. पण ती मोठी राष्ट्रे. इथे एक शेतकरी, शेतकऱ्यांनी निवडलेला, शेतकऱ्यांच्या राज्याचा धनी होऊन बसला होता. ह्या कल्पनेची मोहिनी हिंदी मनावर पुढेही दीर्घकाळ राहिली. १९३६ च्या डिसेंबरात पूर्व खानदेशातील फैजपूर येथे राष्ट्रसभेचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, तेव्हा अध्यक्ष जवाहरलाल नेहरू ह्यांस लोक सर्रास 'राष्ट्रपती' म्हणत. राज्य हाती आलेले नव्हते, पण राज्याच्या प्रमुखाचे नाव लोकांनी अगोदरच ठरवून टाकले होते.

तेव्हा बोअरांचा हा अध्यक्ष होता तरी कसा, कोणी निवडलेला, आणि त्याच्या दाराशी हिंदी मनुष्य गेला असता त्याची काय वाट लागे, हे पाहणे अगत्याचे आहे. त्यांतील शेवटचा प्रश्न त्या वेळच्या कौतुकात बराचसा झाकला गेला.

बोअर म्हणजे डच भाषेत शेतकरी. आफ्रिकेच्या दक्षिण टोकास, केपमध्ये, सतराव्या शतकापासून वसलेल्या डच, फ्रेंच व जर्मन वसाहतवाल्यांची ही संतती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी केप इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८३४ साली तेथील गुलाम मुक्त झाले. इंग्रजांची भाषा, इंग्रजांची न्यायालये आणि काळ्या नोकरास गोऱ्या धन्याविरुद्ध फिर्याद करता येते ही अपूर्वाई, हे सर्व असह्य होऊन हजारो बोअर कुटुंबे बैलगाड्यांत संसार भरून उत्तरेकडे निघाली. त्या वाटचालीत दहा वर्षांचा पॉल क्रूगर हा पोरगा होता. १८२५ साली त्याचा जन्म. ह्या लोकांनी पुढे जी राज्ये स्थापिली त्यांत दोन टिकली. व्हाल नदीपलीकडचे ट्रान्सवाल, ज्याचे स्वातंत्र्य इंग्रजांनी १८५२ साली मान्य केले, आणि अलीकडचे ऑरेंज फ्री स्टेट, ज्यास १८५४ साली तीच मान्यता मिळाली.

दोन्ही ठिकाणी लोकनियुक्त सभा व तिच्याबरोबर निवडलेला अध्यक्ष अशी व्यवस्था होती. अध्यक्षाची मुदत पाच वर्षांची, पण पुन्हा निवडून येण्यास आडकाठी नाही. फ्री स्टेटचा योहानेस ब्रँड हा १८६४ पासून १८८८ साली मरेपर्यंत अध्यक्ष होता. हे चोवीस वर्षांचे अध्यक्षपद एखाद्या लहान संस्थानिकाच्या कारकीर्दीएवढे भरते, आणि ब्रँडच्या शांत व हिशेबी कारभाराने ते राज्य सुस्थितीतही आले. ट्रान्सवालचा प्रकार उलटा. तेथे आरंभापासून दुफळी, करवसुली नाही, खजिना रिकामा. १८७२ साली बर्गर्स नावाचा एक विद्वान धर्मोपदेशक अध्यक्ष झाला. त्यास आगगाडी आणावयाची होती, शाळा काढावयाच्या होत्या. ह्या भोळ्या सुधारकाचे पुढे जे झाले ते वाचून कोणाही शाळामास्तरास वाईट वाटेल. पैसा नव्हता, आणि जनता त्यास पाखंडी म्हणून दूर ठेवी. १८७७ च्या एप्रिलात शेपस्टन नामक इंग्रज अधिकारी पंचवीस-तीस शिपाई घेऊन प्रिटोरियात आला व त्याने राज्य खालसा केल्याचा जाहीरनामा वाचला. खालसा हा शब्द मराठी माणसास शिकवावा लागत नाही. सातारा, नागपूर, झाशी ह्यांच्या हकीकती घरोघर ठाऊक होत्या.

फरक इतकाच की बोअरांनी खालसा झालेले राज्य परत मिळविले. २७ फेब्रुवारी १८८१ रोजी माजुबा नावाच्या डोंगरावर त्यांच्या बंदूकधारी शेतकऱ्यांनी इंग्रज फौजेचा मोड केला, सेनापती कॉली तेथे ठार झाला, आणि ग्लॅडस्टनच्या सरकारने तह केला. १८८३ साली क्रूगर अध्यक्ष निवडला गेला. त्यानंतर १८८८, १८९३ व १८९८ अशा तीन वेळा तो पुन्हा निवडून आला. १८९३ ची निवडणूक त्याने जेमतेम जिंकली. प्रतिस्पर्धी जूबेर ह्याच्याहून त्यास हजारभरही मते अधिक नव्हती, व मोजणीत लबाडी झाल्याची ओरडही झाली. १८९८ साली मात्र सुमारे तेरा हजार मते मिळवून त्याने दोघा प्रतिस्पर्ध्यांस पार मागे टाकले. ह्या आकड्यांवरून एक गोष्ट ध्यानात यावी. त्या निवडणुकीत पडलेली एकूण मते धुळे शहराच्या त्या वेळच्या लोकवस्तीहूनही कमी होती. एवढ्या थोड्या हातांनी निवडलेल्या मनुष्यास जगातील सर्वांत मोठ्या सोन्याच्या खाणी सांभाळावयाच्या होत्या.

क्रूगरची राहणी हा त्या काळच्या वृत्तपत्रांचा आवडता विषय. शाळेचे तोंड त्याने तीनच महिने पाहिले होते असे सांगत. वाचन म्हणजे बायबल, आणि तेही जवळजवळ मुखोद्गत. तरुणपणी शिकारीत बंदूक फुटून डाव्या हाताचा अंगठा गेलेला. अंगावर काळा लांब कोट, डोक्यावर उंच टोपी, तोंडात चिलीम. प्रिटोरियात त्याचे घर रस्त्यालगत होते, बसके व एकमजली, शेजारच्या घरांत सहज मिसळून जाणारे. घरापुढे आच्छादलेला ओटा. डच भाषेत त्यास स्टूप म्हणतात, पण खानदेशातल्या माणसास ओटा म्हटल्यावर अधिक सांगावे लागत नाही. भल्या पहाटे क्रूगर उठून त्या ओट्यावर येऊन बसे. दूरदूरच्या शेतांवरून आलेले बोअर घोडा बांधून सरळ वर येत, त्याचा हात हातात घेत, कॉफी पीत आणि आपले गाऱ्हाणे सांगत. कोणाचा जमिनीचा तंटा, कोणाच्या मुलास नोकरी, कोणाची नुसतीच विचारपूस. मध्ये कारकून नाही, चिठ्ठी नाही, तासन् तास ताटकळणे नाही. कॉफीच्या खर्चासाठी राज्याकडून अध्यक्षास निराळी रक्कम मिळत असे. कलेक्टरच्या बंगल्याच्या फाटकाशी पट्टेवाल्यास सलाम करून उभे राहण्याची सवय झालेल्या हिंदी वाचकास ही वर्णने एखाद्या पौराणिक राज्यातील वाटली असल्यास नवल नाही.

परंतु ओट्यावर कोण चढू शकत असे? ट्रान्सवालच्या १८५८ च्या राज्यघटनेत साफ लिहून ठेवले होते की, काळ्या व गोऱ्या लोकांत धर्ममंदिरात किंवा राज्यकारभारात समता मानण्यास जनता तयार नाही. 'जनता' हा शब्द येथे कोणास लावला आहे ते पाहण्यासारखे आहे. त्या देशात आफ्रिकी लोकांची संख्या गोऱ्यांच्या कित्येक पट होती. ती माणसे जनतेत धरलेली नव्हती. गोऱ्यांतही सोन्याच्या खाणींमागे आलेले इंग्रज व इतर युरोपीय ह्यांस अध्यक्षाच्या निवडणुकीत मत मिळण्यास चौदा वर्षे वास्तव्य करावे लागेल असा नियम १८९० साली झाला. ह्या गोऱ्या परक्यांच्या मताधिकारावरूनच पुढे युद्ध पेटले व त्याचे ग्रंथच्या ग्रंथ झाले. हिंदी लोकांस तर वर्षांचा प्रश्नच नव्हता.

हिंदी मनुष्य तेथे पोहोचला तो नाताळमार्गे. १८६० च्या नोव्हेंबरात मद्रासहून पहिले गिरमिटिये मजूर नाताळच्या उसाच्या मळ्यांत नेण्यात आले. त्यांच्या मागोमाग स्वतःच्या पैशाने व्यापारी गेले. त्यांत बहुतेक गुजराती मुसलमान, काही हिंदू, थोडे पारशी, आणि आपल्या रत्नागिरीकडील कोकणी मुसलमानही. ह्यांतील काही व्यापारी व्हाल नदीपर्यंत व पलीकडे गेले. थोड्या नफ्यावर माल विकणारा व उधारी सांभाळणारा दुकानदार बोअर शेतकऱ्यास नकोसा नव्हता. नकोसा झाला तो गोऱ्या दुकानदारास. त्याच्या आरडाओरडीने १८८५ चा तिसरा कायदा झाला. ह्या कायद्यान्वये आशियाई मनुष्यास नागरिकत्व कधीच मिळावयाचे नव्हते, व्यापारासाठी राहावयाचे तर नोंदणी करून पंचवीस पौंड भरावयाचे, आणि जमीन घ्यावयाची तर सरकारने नेमून दिलेल्या वस्तीबाहेर घ्यावयाची नाही. पुढे पंचवीसांचे तीन पौंड झाले, बाकी कलमे राहिली. १८८४ च्या लंडनच्या तहात आफ्रिकी सोडून इतर सर्वांस ट्रान्सवालात राहण्याचा व व्यापाराचा हक्क होता. म्हणून वाद निघाला. तो तोडण्यासाठी लवाद नेमला तो फ्री स्टेटच्या मुख्य न्यायाधीशाचा, आणि १८९५ साली त्याने कौल दिला तो ट्रान्सवालच्या बाजूने. एका भावाच्या भांडणात दुसऱ्या भावास पंच नेमल्यावर निराळे काय व्हावयाचे!

ह्या कायद्याविरुद्ध गाऱ्हाणे सांगण्यास हिंदी व्यापाऱ्यांचे एक शिष्टमंडळ क्रूगरकडे गेले होते. त्याची हकीकत गांधीजींनी आपल्या दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाच्या इतिहासात दिली आहे. अध्यक्षाने त्यांस घरात घेतले नाही. अंगणातच उभे ठेवून त्याने त्यांचे म्हणणे थोडा वेळ ऐकले. मग त्याने बायबलातील वंशावळ काढली. तुम्ही इश्माएलचे वंशज, तेव्हा एसावच्या वंशजांची चाकरी करणे हे तुमच्या कपाळी जन्मापासूनच लिहिलेले आहे, आम्हांशी बरोबरीचे हक्क तुम्हांस कसे मिळतील, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. व्यापारी बहुतेक मुसलमान असल्यामुळे तेथील गोरे त्यांस अरब म्हणत, आणि अरब म्हटल्यावर इश्माएल आलाच. क्रूगर लबाडीने बोलत होता असे दिसत नाही. तो मनापासून बोलत होता, आणि तेच अधिक कठीण होते. लबाड मनुष्याशी वाद घालता येतो. आपला अन्याय पवित्र ग्रंथात वाचणाऱ्याशी वाद कोणत्या न्यायालयात घालावयाचा?

गांधीजी स्वतः १८९३ साली एका खटल्याच्या कामी प्रिटोरियात आले. हिंदी माणसाने पायवाटेने चालावयाचे नाही व रात्री नऊनंतर परवान्यावाचून बाहेर पडावयाचे नाही, असे तेथील नियम. सरकारी वकिलाच्या पत्रामुळे त्यांची रात्रीची अडचण दूर झाली. फिरावयास जाताना ते नेहमी क्रूगरच्या घरावरून जात. घर इतके साधे, की दारात पहारेकरी नसता तर हे अध्यक्षाचे घर अशी शंकाही आली नसती, असे त्यांनी लिहिले आहे. एके दिवशी नव्या पहारेकऱ्याने काही न सांगता, न विचारता त्यांस धक्का मारून व लाथ मारून पायवाटेवरून रस्त्यावर लोटले. त्यांचे इंग्रज स्नेही कोट्स घोड्यावरून त्याच वेळी जात होते. त्यांनी फिर्याद करा, मी साक्ष देतो, असे सांगितले. गांधीजींनी फिर्याद केली नाही, मात्र त्या रस्त्याने फिरावयास जाणे सोडले. ओटा तोच, त्यापुढची पायवाट तीच. बोअर शेतकरी ओट्यावर बसून कॉफी पीत होता आणि बॅरिस्टर झालेल्या हिंदी माणसास खालची पायवाटसुद्धा मना होती.

शेजारच्या फ्री स्टेटने ह्याहून सरळ उपाय केला. क्रूगरपेक्षा पुष्कळ शिकलेला, कायदेपंडित असा राइट्स तेथे अध्यक्ष असताना १८९० साली झालेल्या कायद्याने हिंदी व्यापाऱ्यांस व शेतकऱ्यांस त्या राज्यात जागाच उरली नाही. दुकाने बंद झाली, नाममात्र भरपाई देऊन मालकांस घालवून देण्यात आले. उपाहारगृहात वाढपी किंवा तसलाच हलका नोकर म्हणून राहण्यास तेवढी मोकळीक होती. ब्रँडच्या सुव्यवस्थित राज्याचा हा वारसा. शिक्षणाने मनुष्य उदार होतो ह्या समजुतीस हे उदाहरण फारसे पोषक नाही.

युद्ध सुरू झाले तेव्हा इंग्रजांस ह्या गोष्टींची अचानक आठवण झाली. पूर्वी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय असलेले लॉर्ड लॅन्सडाउन १८९९ साली ब्रिटिश युद्धमंत्री होते. ट्रान्सवालच्या सर्व अपराधांत हिंदी प्रजेस दिलेल्या वागणुकीचा आपणांस सर्वांत अधिक संताप येतो, अशा आशयाचे भाषण त्यांनी केले. हिंदी लोकांनी ते शब्द खरे मानले. नाताळात गांधीजींनी सुमारे अकराशे हिंदी लोकांचे शुश्रूषापथक उभारले. त्यांत आठशेच्या आसपास गिरमिटिये होते. कोलेन्सो व स्पिऑन कॉप येथील लढायांत ह्या माणसांनी जखमी शिपायांच्या डोल्या दिवसाला वीस-पंचवीस मैल वाहून नेल्या. गांधीजींची सहानुभूती मनातून बोअरांकडे होती हे त्यांनीच लिहून ठेवले आहे. पण साम्राज्याचे प्रजाजन म्हणून हक्क मागावयाचे तर साम्राज्याच्या संकटात कर्तव्यही केले पाहिजे, हा त्यांचा तेव्हाचा विचार होता.

इकडे हिंदुस्थानात पुष्कळांचा कल बोअरांकडे होता, आणि ते स्वाभाविकही होते. मूठभर शेतकऱ्यांनी साम्राज्याच्या फौजा महिनोन् महिने अडवून धराव्या हे पाहून मावळ्यांच्या कथांवर वाढलेल्या मुलाचे रक्त उसळले नसते तरच नवल. चूक कौतुकात नव्हती. शूर मनुष्य न्यायीही असेलच असे गृहीत धरण्यात ती होती.

शौर्य मात्र खरेच होते. १३ मार्च १९०० रोजी फ्री स्टेटची राजधानी ब्लूमफाँटेन पडली. ५ जूनला प्रिटोरिया पडले. क्रूगर त्यापूर्वीच राजधानी सोडून पूर्वेकडे गेला होता. आजारी पत्नीस मागे ठेवून सप्टेंबरात तो पोर्तुगीज मुलखात गेला, आणि तेथून हॉलंडच्या राणीने धाडलेल्या गेल्डरलँड ह्या युद्धनौकेने मार्सेय बंदरी उतरला. फ्रान्सात लोकांनी त्यास डोक्यावर घेतले. परंतु चार वर्षांपूर्वी ज्या कैसरने अभिनंदनाची तार केली होती त्याने आता भेट नाकारली. १९०१ च्या जुलैमध्ये पत्नी प्रिटोरियात वारली. १४ जुलै १९०४ रोजी स्वित्झर्लंडात क्रूगरचाही अंत झाला.

दुसरा अध्यक्ष स्टाइन. राइट्सनंतर १८९६ साली फ्री स्टेटने ह्यास निवडले होते. त्यास इंग्लंडशी प्रत्यक्ष भांडण नव्हते. युद्ध टाळण्यासाठी १८९९ च्या मे-जूनमध्ये क्रूगर व मिल्नर ह्यांची भेट त्यानेच आपल्या राजधानीत घडविली होती. ती फसल्यावर शेजाऱ्यास दिलेला शब्द पाळून तो युद्धात उतरला. राजधानी गेल्यावर त्याने अध्यक्षपद घोड्याच्या जिनावर नेले. आज ह्या गावी, उद्या त्या माळावर, जेथे त्याचा तळ तेथे राज्याचे सरकार. १९०१ च्या जुलैत इंग्रज स्वारांनी पहाटे छापा घालून त्याचे जवळजवळ सर्व सरकार पकडले, पण तो निसटला. दोन वर्षांच्या ह्या वणवणीत त्याचे शरीर लुळे पडत गेले. डोळ्यांच्या पापण्या उघडेनात, हातात लेखणी धरवेना. १९०२ च्या मेअखेर तह होण्याच्या दोन दिवस आधी त्याने अध्यक्षपद सोडले. शरणागतीच्या कागदावर त्याची सही नाही. बोअर अध्यक्षांत अंगी राजेपण असलेला कोणी झाला असेल तर तो हा, असे म्हणावयास हरकत नाही. अर्थात हिंदी माणसास त्याच्याही राज्यात प्रवेश नव्हता.

युद्धाचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत आला. पकडलेले बोअर इंग्रजांनी सेंट हेलेना, बर्म्युडा, सिलोन व हिंदुस्थान येथे धाडले. हिंदुस्थानात सुमारे नऊ हजार आले, व त्यांच्या छावण्यांत अहमदनगर ही एक होती. नगरच्या भुईकोट किल्ल्यात ह्या दाढीवाल्या शेतकऱ्यांनी दिवस काढले. तिकडे त्यांच्या मुलखात किचनरच्या फौजा शेते व घरे जाळीत होत्या, आणि छावण्यांत कोंडलेली सव्वीस हजारांहून अधिक बोअर बायकामुले रोगराईने मेली. आफ्रिकी लोकांच्या छावण्या निराळ्या होत्या. तेथे मेलेल्या चौदा हजारांवर माणसांची नोंद आहे, आणि पुष्कळांची नोंदच झाली नाही. चाळीस वर्षांनी, १९४२ साली, नगरच्या त्याच किल्ल्यात राष्ट्रसभेचे अध्यक्ष मौलाना आझाद व नेहरू, पटेल आदी पुढारी कोंडले गेले.

३१ मे १९०२ रोजी तह झाला. दोन्ही राज्ये गेली, दोन्ही अध्यक्षपदे गेली. परंतु तहातील एक कलम वाचले म्हणजे कोण हरले असा प्रश्न पडतो. आफ्रिकी लोकांस मताधिकार द्यावा की नाही ह्याचा विचार वसाहतींस स्वराज्य दिल्यानंतर करावा, असे ते कलम. स्वराज्य मिळणार गोऱ्यांस, आणि मग त्यांनीच ठरवावयाचे! १८५८ च्या घटनेतील वाक्य इंग्रजांनी अशा रीतीने सभ्य भाषेत पुढे चालविले. हिंदी लोकांच्या वाट्यास तर विपरीतच आले. लॉर्ड लॅन्सडाउन ह्यांस संताप आणणारा १८८५ चा कायदा रद्द होईल अशी त्यांची अपेक्षा होती. इंग्रज अधिकाऱ्यांनी तो रद्द न करता कसून अंमलात आणला. बोअरांचा कारभार ढिला असे, कायदा कागदावर राही, दुकानदार निभावून नेई. नवे आशियाई खाते मात्र चोख निघाले. १९०७ साली दहा बोटांच्या ठशांचा तो कायदा झाला आणि सत्याग्रह हा शब्द जन्मास आला.

१९१० साली सर्व वसाहतींचे मिळून संघराज्य झाले. त्याचा मुख्य प्रधान बोथा व त्याचा उजवा हात स्मट्स. दोघेही बोअर सेनानी, आणि स्मट्स तर युद्धापूर्वी क्रूगरचा सरकारी वकील होता. १९१२ च्या ऑक्टोबरात नामदार गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेस गेले ते ह्या लोकांस भेटण्यासाठी. नाताळास गिरमिटिये धाडण्याची बंदी व्हावी म्हणून कायदेकौन्सिलात ठराव आणून त्यांनी ती दोन वर्षांपूर्वीच मान्य करून घेतली होती. खानदेशातील वाचकास हे गोखले चांगले परिचित, कारण अमळनेरच्या साने गुरुजींनी त्यांचे चरित्र लिहिले आहे. त्या दौऱ्यातील एक प्रसंग मराठी माणसाने विसरू नये. एका सभेत कोकणी मुसलमान व काही महाराष्ट्रीय हिंदू होते, म्हणून गांधीजींनी गोखल्यांस मराठीत बोलण्याचा आग्रह धरला व भाषांतर आपण करू म्हणून सांगितले. तुम्ही हे अगाध मराठी कोठे शिकलात, असा विनोद गोखल्यांनी केला, पण ते मराठीत बोलले. पुढे झांझिबारपर्यंतच्या प्रवासात संधी मिळेल तेथे ते मराठीतच बोलत गेले. इंग्रजी वक्तृत्वाबद्दल विलायतेत नावाजलेल्या गृहस्थाची ही हकीकत आहे.

नोव्हेंबरात प्रिटोरियात त्यांची बोथा, स्मट्स व फिशर ह्या मंत्र्यांशी भेट झाली. गिरमिट संपलेल्या मजुरावर बसणारा तीन पौंडांचा कर जाईल व काळा कायदाही जाईल, असा समज करून घेऊन गोखले बाहेर आले. गांधीजींनी शंका दाखविली. ह्या मंत्र्यांना मी ओळखतो, असे त्यांचे म्हणणे. वर्षाच्या आत स्मट्सने असे वचन दिलेच नव्हते असे सांगितले आणि १९१३ ची ती मोठी हरताळ व ट्रान्सवालच्या सरहद्दीवरील कूच झाली. त्या कूचीत पकडलेल्या गांधीजींस अखेर ब्लूमफाँटेनच्या तुरुंगात नेऊन ठेवले. जागा विचारपूर्वक निवडली होती. फ्री स्टेटमध्ये हिंदी माणूस औषधालाही सापडत नसे, तेव्हा भेटीस कोण येणार? स्टाइन अध्यक्षाच्या ह्या जुन्या राजधानीत गांधीजींस एकांत व वाचनास वेळ भरपूर मिळाला. १९१४ साली तीन पौंडांचा कर उठला. फ्री स्टेटची बंदी मात्र उठली नाही. संघराज्य झाले, दोन महायुद्धे झाली, हिंदुस्थान स्वतंत्र झाला, तरी हिंदी वंशाच्या माणसास त्या प्रांतात घर करण्याची मनाई चालूच होती. ती गेली ती १९८० नंतरच्या दशकात.

बोअरांचे अध्यक्षपद मधल्या काळात पुन्हा आले होते. ३१ मे १९६१ रोजी दक्षिण आफ्रिका पुन्हा प्रजासत्ताक झाली आणि स्वार्ट नावाचा फ्री स्टेटचाच गृहस्थ अध्यक्ष झाला. पदाचे डच नाव क्रूगरच्या वेळचेच ठेवले, व तारीखही १९०२ च्या तहाची व १९१० च्या संघराज्याची, तीच निवडली. मत अर्थातच गोऱ्यांचे. १० मे १९९४ रोजी प्रिटोरियात नेल्सन मंडेला ह्यांनी शपथ घेतली तेव्हा त्या भूमीवर प्रथमच सर्वांच्या मतांनी निवडलेल्या संसदेने अध्यक्ष नेमला.

क्रूगरचे घर पुढे संग्रहालय म्हणून जतन करण्यात आले. सोन्याच्या खाणीवाल्या एका धनिकाने त्यास भेट दिलेले दोन दगडी सिंह त्या ओट्याच्या दोन्ही बाजूंस बसविलेले होते. त्याच प्रिटोरिया शहरी २०१२ च्या मे महिन्यात भारताच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील राजकीय भेटीस गेल्या व तेथील राष्ट्राध्यक्ष जेकब झुमा ह्यांनी त्यांचे स्वागत केले. प्रतिभाताई जळगाव जिल्ह्यातील नाडगावच्या. १९६२ साली जळगावातून विधानसभेवर निवडून जाऊन त्यांनी सार्वजनिक जीवनास आरंभ केला होता.